खरवडलेलं बोट

माझं मत तुम्ही खाल्लंत, साहेब, आणि वर मीच खरवडलेल्या पायांचा रस्सा ओरपलात. तुमचं नाव मला माहीत नाही. खिशाला टाचणीनं लावलेल्या बिल्ल्यावर 'मतदान केंद्राध्यक्ष' असं लिहिलेलं होतं म्हणे. तेव्हा मला तेही वाचता येत नव्हतं. पण कुठंही दिसलात तर मी तुम्हाला ओळखीन. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि बोलताना माणसाच्या तोंडाकडे न बघता कपाळाकडे बघायची खोड. जसा काही आमचा गुन्हा तिथंच गोंदलेला.

बावीस वर्षं झाली. तुम्ही विसरला असाल. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

"डावा हात पुढं करा, मावशी."

मराठी शाळेतली दुसरीची खोली. फळ्यावर सातचा पाढा तसाच राहिलेला. शाईची बाटली घेऊन एक तरणा कारकून टेबलापाशी बसला होता. मी हात पुढं केला. त्यानं काडी शाईत बुडवली, माझं बोट धरलं, आणि काडी तशीच हवेत धरून बसला. एक थेंब टेबलावर पडला.

"मावशी, तुमचं मत झालंय की."

"कवा? आत्ता तर दारातनं आले मी."

"मग हे काय?"

अंगठ्याशेजारचं बोट. नखाच्या मुळापासून पहिल्या पेरापर्यंत काळं, आणि काळ्याच्या कडेला जांभळट तपकिरी. दोन दिवस मी ते बघत होते, त्यामुळं मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

"ते औषध हाय," मी म्हणाले. "चामखिळीचं."

भिंतीकडेच्या बाकावर उमेदवारांची माणसं बसतात, तिथून हसू आलं. हसणारा जालिंदर होता, सरपंचाचा भाचा. माझी थोरली जाऊ उभी होती, पण तिच्या बाजूचं बाकावर कुणीच नव्हतं. का नव्हतं तेही सांगते, कारण तो मूर्खपणा आमचा. मतदान रविवारी होतं. रविवार म्हणजे मटणाचा दिवस, आणि मतदानाचा रविवार म्हणजे मटणाचे दोन दिवस. दोन्ही पार्ट्यांच्या चुली पेटलेल्या. धंदा सोडून दिवसभर बाकावर कोण बसणार? माझा नवरा दगडू म्हणाला, "सरकारी मानसं हायेत की तिथं, आपल्याला काय बघायचंय?" सरकारी माणसांवर एवढा विश्वास खाटकाचाच असू शकतो. तो जनावर ओळखतो, माणूस नाही.

जालिंदर उठून टेबलापाशी आला. माझं बोट त्यानं असं बघितलं जसं काही त्याला ते विकत घ्यायचं होतं.

"साहेब," त्यानं तुम्हाला हाक मारली, "ह्या बाईचं म्हायेर मोरदऱ्याचं. तिथं बी आजच मतदान हाय. ह्यास्नी म्या परवा मोरदऱ्याच्या एस्टीतनं उतरताना बघितलंय."

"परवा म्हंजे शुक्रवारी," मी म्हणाले. "शुक्रवारी मतदान व्हतं का रं? दवाखान्यात गेलेली मी."

"दवाखाना म्हायेरातच बरा घावला."

तेव्हा तुम्ही खुर्चीतून उठलात.

आता तुम्हाला जे कधी विचारावंसं वाटलं नाही, ते ऐका. आमचं मटणाचं दुकान. पुरुष कापतात आणि विकतात. मुंडी, वजडी आणि पाय हे बायकांचं काम. बकऱ्याचे पाय जाळावर भाजायचे, केस जळून कातडं कोळशासारखं काळं पडलं की गरम पाण्यात घालायचं आणि सुरीच्या पाठीनं खरवडायचं. पाय पांढराशुभ्र निघाला पाहिजे, एक काळा ठिपका राहिला तर गिऱ्हाईक परत करतं. मी नवव्या वर्षापासून खरवडते. उजव्या हातात सुरी, डाव्या हातात पाय, आणि डाव्या हाताचं ते बोट खुराच्या बेचक्यात दाबून धरलेलं. तिथंच चामखीळ उठली. आमच्यातल्या निम्म्या बायकांच्या बोटांना असते. चुना-सोडा लावून झाला, घोड्याच्या शेपटीचा केस बांधून झाला. ती वाढून नखात घुसली आणि पाय धरवेना, तेव्हा मोरदऱ्याच्या सरकारी दवाखान्यात गेले.

तिथल्या सिस्टरनं काडीला कापूस गुंडाळून एका काळ्या बाटलीतलं पाण्यासारखं औषध लावलं. भाजलं तशी मी हात ओढला, आणि औषध चामखिळीवरून सगळ्या बोटावर ओघळलं.

"हललीस ना, आता बोट काळं होईल," सिस्टर म्हणाली. "उन्हात गेलीस की आणखी. घाबरू नको, पंधरा दिवसांत कातडी निघून जाईल."

"काळ्याला काय भ्यायचं, बाई. काळं पांढरं करणं हा तर माझा धंदा हाय."

ती हसली आणि केस पेपरवर दोन ओळी लिहून दिल्या. इंग्रजीत. पाणी म्हणून जे लावलं ते एस्टीत बसेपर्यंत तपकिरी झालं, आणि घरी येईतो काळं.

हे सगळं मी त्या खोलीत सांगायला लागले होते. तुम्ही हात वर केलात.

"बाई, मला गोष्ट नको. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. चोवीस वर्षं. ही शाई कशाची असते मला माहीत आहे. चांदीचा क्षार असतो तो. कातडीला लागला आणि उजेड पडला की काळा होतो, साबणानं जात नाही." मग बाकाकडे वळून, वर्गात सांगतात तसं, "दुसऱ्या कशानंही असा रंग येत नाही."

जालिंदरनं मान डोलावली. तो दहावीला तीनदा बसलेला.

कारकुनाला माझी दया आली असावी. तो यादीवर बोट फिरवत म्हणाला, "सर, अनसूया दगडू घोडके. यांच्या नावापुढं खूण नाही अजून. इथं तर झालेलं दिसत नाही."

"इथं नाही हो. तिकडं. लग्न झालेल्या बायकांची नावं दोन्हीकडे असतात. सकाळी माहेरी टाकायचं, दुपारी सासरी. मी आज पहिल्यांदा ड्युटीवर आलोय का?"

"माझं तिकडं नाव न्हाई," मी म्हणाले.

"कशावरून?"

"कशावरून हाय?"

तुम्हाला उलट प्रश्न आवडला नाही. कपाळाकडे बघत म्हणालात, "पुरावा आणा."

"दवाखान्याचा कागद घरी हाय."

"आणा मग. पाचपर्यंत वेळ आहे."

बाहेर लिंबाखाली चुन्याच्या रेषेपलीकडे द्वारका टेबल मांडून बसली होती. द्वारका माझी थोरली जाऊ, मी तिला अक्का म्हणते. वॉर्डातली बायकांची जागा तिनं लढवली होती, आणि समोर सरपंचाची भावजय होती. अक्काला राजकारणाची हौस नव्हती. पंचायतीत ठराव यायचा होता: मटणाची पाच दुकानं बाजारपेठेतून उठवून ओढ्यापलीकडे, मसणवाट्याला लागून न्यायची. कारण काय तर वास येतो. ज्यांना वास येत होता त्यांच्याच घरी त्या दिवशी आमचं मटण शिजत होतं. सकाळी सरपंचासाठी जालिंदरनंच चार किलो आणि आठ पाय उधारीवर नेले होते. नऊ जणांच्या पंचायतीत चार इकडे येणार, चार तिकडे, हे ठरल्यासारखंच होतं. नववी जागा ही. पाच घरांची चूल त्या एका खुर्चीवर होती, आणि वॉर्डात माणूस न् माणूस मोजलेला होता. अक्का आठ दिवस दारोदार फिरली होती. तिला पाढे येत नव्हते, पण वॉर्डातलं कोण कुणाला मत देणार हे घरासकट तोंडपाठ होतं.

"टाकलंस?" तिनं विचारलं.

"कागद मागतंय ते येडं. बोट काळं हाय म्हणून."

"कसला कागद? तू आधी मत टाक बया. एकेक मोजून धरलंय मी."

"टाकते गं अक्का. माझं मत कुठं जातंय?"

हे मी बोलले. अजून ऐकू येतं मला.

केस पेपर घेऊन परत गेले तेव्हा तुमचं जेवण चाललं होतं. मतदान बंद नव्हतं, तुम्ही एकटेच कोपऱ्यात फळ्याकडे तोंड करून जेवत होता. डबा जालिंदरनं आणलेला. स्टीलच्या वाटीतून रस्सा पिताना तुम्ही पायाचं हाड चोखलंत, आणि मी ओळखलं, ते सकाळी मी खरवडलेलं होतं. खुराजवळ माझी सुरी जरा आत जाते, तिथं खाच पडते. प्रत्येकीची खूण वेगळी असते. त्या बोटानं दाबून धरून, दुखत असताना, मी तुमच्यासाठी ते पांढरं केलं होतं.

"हां, द्या," तुम्ही हात पुसून कागद घेतलात.

तुम्ही तो वाचलात. मग चष्मा वर करून परत वाचलात. दोन ओळींचा कागद, त्याला एवढा वेळ कशाला लागतो असं मला वाटलं. मी म्हटलं, इंग्रजी अवघड असेल. जालिंदर मागून वाकून बघत होता, पण त्याला ते कळणारं नव्हतं, आणि मला तर नव्हतंच. त्या खोलीत त्या कागदाचा अर्थ लावू शकणारे तुम्ही एकटे होतात.

"काय लिवलंय, साहेब?" जालिंदरनं विचारलं.

तुम्ही कागदाची घडी केलीत. माझ्या हातात दिलीत.

"यात मतदानाबद्दल काही नाही," तुम्ही म्हणालात.

"मतदानाबद्दल दवाखान्यात कशाला लिवतील? औषधाचं लिवलंय का न्हाई त्यात?"

"काहीतरी लावलंय म्हणून लिहिलंय. काय लावलं, त्यानं काळं होतं का, ते मी कसं सांगू? मी डॉक्टर आहे का?"

सकाळी तुम्ही विज्ञानाचे मास्तर होता. दुपारी जेवून डॉक्टर नसलेले झालात.

मी म्हणाले, "साहेब, एखाद्याला हे बोटच नसलं तर?"

"मग शेजारच्या बोटाला लावतो. तसा नियम आहे."

"मग माझ्या शेजारच्या बोटाला लावा."

"तुम्हाला बोट आहे."

"आन् ते काळं असलं तर? त्याचा नियम काय?"

"काळं म्हणजे मत झालं. हाच नियम."

"म्हंजे मी बोट तोडून आणलं तर चालंल?"

"तोडून आणलंत तर चालेल," तुम्ही म्हणालात. "दुसऱ्या बोटाला लावू." आणि हसलात. जालिंदर हसला. दारात उभा असलेला पोलीससुद्धा हसला, तो बिचारा कशाला हसतोय हे त्यालाही माहीत नव्हतं. कारकून तेवढा शाईच्या बाटलीचं झाकण लावत बसला.

जालिंदर म्हणाला, "अन्सावहिनी, घरीच हाय की सुरी. टाका तोडून. ते बी इकता येईल."

चार किलो मटण उधारीवर नेणाऱ्या माणसाला मी कधी तोंड लावत नाही.

घरी आले. परड्यात चूल पेटलेली होती, पाण्याचं पातेलं होतंच. मी बोट पाण्यात धरलं, पाय धरतात तसं, कातडं फुगेपर्यंत. मग सुरी घेतली. इतकी वर्षं दुसऱ्याचे पाय खरवडले, स्वतःचं बोट खरवडायला काय लागतं? सुरीच्या पाठीनं निघेना म्हणून धारेची बाजू लावली. कातडी निघाली, पापुद्र्या-पापुद्र्यानं. काळी, मग तपकिरी, मग गुलाबी. चामखीळही निम्मी गेली. एवढं सांगते की मी ओरडले नाही, पण दगडू दुकानातून आत आला तो पाटी खाली टाकून माझ्याकडे बघत राहिला.

"अन्से, काय करतीस?"

"मत टाकायचंय."

"येडी झालीस काय? राहू दे एक मत. एकानं काय हुतंय?"

एकानं काय होतं, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

हळद दाबली, रक्त थांबेपर्यंत बसले, पुन्हा पाण्यानं धुतलं. बोट कसं निघालं होतं म्हणता! एक काळा ठिपका नाही. कुठल्याही गिऱ्हाइकानं परत केलं नसतं. साडेचारला शाळेत पोचले. लिंबाखालून अक्का ओरडली, "आता कितव्यांदा चाललीस गं?" मी हात वर करून बोट दाखवलं. तिला लांबून काय दिसलं देव जाणे.

कारकुनानं बोट बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "मावशी, हे काय केलंत तुम्ही?"

तुम्ही आलात. बघितलंत. आणि तुमचा चेहरा असा उजळला, जसा अवघड गणित आपोआप सुटल्यावर उजळतो.

"आता तर प्रश्नच नाही," तुम्ही म्हणालात. "शाई खरवडून आल्या."

"तुमीच म्हणालात की काळं हाय म्हणून घेत न्हाई."

"मी खरवडून या म्हणालो?"

"तोडून या म्हणालात."

"बाई, जीभ सांभाळा. मतदानाची खूण पुसणं हा गुन्हा आहे. इथं पोलीस उभा आहे. तुम्हाला आत टाकायला मला दोन मिनिटं लागतील. बाईमाणूस म्हणून सोडतोय."

"सकाळी काळं व्हतं म्हणून मत झालं. आता काळं न्हाई म्हणूनबी मत झालं. मग मत न झालेलं बोट कसं असतंय, ते तरी दावा."

कुणी हसलं नाही. तुम्ही घड्याळ बघितलंत आणि पोलिसाला म्हणालात, "यांना बाहेर घ्या. रांग खोळंबते."

रांगेत कुणीही नव्हतं. माझ्या मागं रिकामं दार होतं आणि दारातून ऊन आत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला मोजणी झाली. अक्काला दोनशे अकरा. सरपंचाच्या भावजयीला दोनशे अकरा. पुन्हा मोजलं, तेवढीच. मग कायद्यात आहे म्हणे, चिठ्ठ्या टाकायच्या. दोन चिठ्ठ्या एका प्लास्टिकच्या डब्यात घातल्या, एका शिपायानं डोळे मिटून एक उचलली. आठ दिवस दारोदार फिरलेली बाई एका शिपायाच्या दोन बोटांत हरली. जीपमध्ये बसल्यावर माझ्या हाताला बांधलेल्या चिंधीकडे बघून तिनं विचारलं,

"तू मोरदऱ्याला टाकलंस का गं?"

"अक्का, तुला बी तसंच वाटतंय?"

"मला काय वाटायचंय? साहेब म्हणाला म्हणून इचारलं. एवढा शिकल्याला माणूस खोटं कशाला बोलंल?"

तिला मी काय सांगणार होते? तुमच्यापाशी विज्ञान होतं, बिल्ला होता, पोलीस होता. माझ्यापाशी एक सोललेलं बोट होतं, आणि तेच माझ्याविरुद्धचा पुरावा होतं.

ठराव पाच विरुद्ध चारनं पास झाला. दुकानं ओढ्यापलीकडे गेली. पहिल्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की गिऱ्हाईक येईना. पाचातली दोन बंद पडली. त्यातलं एक अक्काचं. तिचा नवरा मोरदऱ्याच्या एका धाब्यावर दुसऱ्याच्या हाताखाली कापायला लागला. अक्कानं मला शिवी दिली नाही की भांडली नाही. तिनं फक्त माझ्याकडून मीठ-मिरची मागणं बंद केलं. खेड्यात एवढं पुरतं. गावात तर ठरूनच गेलं होतं, खाटकाच्या धाकटीनं थोरलीचा काटा काढला. कुणी म्हणालं दोनशे घेतले, कुणी म्हणालं साडी. माझी किंमत वाढत जाईल असं वाटलं होतं, पण ती साडीवरच थांबली.

बोट बरं झालं. पण जिथं मी जास्त खोल गेले होते तिथं कातडी पुन्हा आली ती पांढरी आली. अजून आहे. तुम्हाला दाखवता येईल.

मसणवाट्याशेजारी गिऱ्हाईक कमी, वेळ भरपूर. मटण बांधायला रद्दी यायची. त्या रद्दीवर मी अक्षरं शिकले. आधी मोठ्या मथळ्याची, मग बारीक. कुणी शिकवलं नाही. एक अक्षर दगडूला विचारायचं, एक गिऱ्हाइकाला. चार वर्षांत पेपर वाचायला लागले, सहाव्या वर्षी पेपरला पत्रं लिहायला. मग इंग्रजी अक्षरंही ओळखायला लागले, औषधांच्या वेष्टनांवरून. लोक म्हणतात अन्साबाई फार तिखट लिहिते. पायाच्या रश्श्यात मिरची लागतेच.

आणि गेल्या महिन्यात रद्दीत शाळेची पुस्तकं आली. त्यात विज्ञानाचं एक जुनं पुस्तक होतं, मी त्याची पानं फाडून वजडी बांधत होते. एका पानावर हात थांबला. एक मोठं ए, त्याला चिकटलेलं शेपटीवालं छोटं अक्षर, मग दोन मोठी अक्षरं, आणि शेवटी पायाशी बसलेला बारका तीन.

हे चित्र मी ओळखत होते. रेशनकार्डाबरोबर पत्र्याच्या डब्यात बावीस वर्षं ठेवलेला केस पेपर मी इतक्या वेळा उलगडला आहे की त्यातली प्रत्येक रेघ मला पाठ आहे. अक्षरं लागली तरी अर्थ लागत नव्हता. डबा काढला. कागद पानाशेजारी ठेवला. तेच. सिस्टरच्या तिरप्या अक्षरात, तेच. खाली पुस्तकात मराठीत लिहिलं होतं, की हा चांदीचा क्षार आहे, त्यावर उजेड पडला की तो काळा पडतो, आणि मतदारांच्या बोटाला लावायच्या शाईत तो वापरतात.

म्हणजे सरकारच्या दवाखान्यानं शुक्रवारी माझ्या बोटाला तेच लावलं, जे सरकारच्या शाळेत रविवारी लावणार होते. रंग ओळखण्यात तुम्ही चुकला नव्हता. आणि त्या रंगाचं कारण तुमच्या हातात होतं, दोन ओळींत, त्याच अक्षरांत, जी तुम्ही चोवीस वर्षं फळ्यावर लिहीत होता.

मी ते पान आणि कागद घेऊन अक्काकडे गेले. ती आता सत्तरीची आहे, डोळ्याला दिसत नाही. मी वाचून दाखवलं. दोनदा. तिनं माझा हात ओढून घेतला आणि ते पांढरं कातडं अंगठ्यानं चाचपत बसली.

"दुखलं असंल," ती म्हणाली.

"तवा दुखलं."

"बावीस वर्सं तुला मनात शिव्या दिल्या गं मी. एकबी वरडून दिली न्हाई, त्येचंच वाईट वाटतंय. तू उलटून बोलली असतीस तर मिटलं तरी असतं." मग माझा हात न सोडता, "तो मास्तर जिता हाय का?"

"काय म्हाईत."

"असला तर इचार त्याला. मी मरायच्या आत इचार."

म्हणून विचारते. तुम्ही त्या दिवशी कागद दोनदा वाचलात, साहेब. पहिल्यांदा नाही तर दुसऱ्यांदा, ती अक्षरं तुम्हाला कळली की नाही? नसतील कळली, तर चोवीस वर्षं पोरांच्या पुढ्यात उभं राहून तुम्ही काय शिकवलंत? आणि कळली असतील, तर घडी घालून माझ्या हातात देताना तुमच्या तोंडात कुणाच्या घरच्या रश्श्याची चव होती? दोन्हीपैकी जे खरं असेल ते लिहून पाठवा. पत्ता देते: अनसूया घोडके, मटणाचं दुकान, ओढ्यापलीकडे, मसणवाट्याच्या भिंतीला लागून. आता मला वाचता येतं. अक्का वाट बघतेय. उत्तर द्या.